तीन विश्वासू माणसं

ज्या माणसाने अख्ख्या इमारतीला ‘कुणावरही विश्वास ठेवू नका’ हे दोन वर्षं घसा कोरडा करून शिकवलं, त्याच माणसावर एका आठवड्यात तीन जणांचा विश्वास मिळवायची पाळी आली. याला नशिबाचा फेरा म्हणायचं की उत्तम शिकवणीचा निकाल, हे ज्याचं त्याने ठरवावं.

त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण इमारतीत सगळे त्यांना अपडेटराव म्हणत. विमा कचेरीत ते हेडक्लार्क होते. बावीस वर्षं काम एकच. अर्जावरची सही जुन्या सहीशी जुळते का ते भिंगातून पाहायचं आणि जुळली नाही तर ‘सही जुळत नाही’ असा जांभळा शिक्का मारून अर्ज परत धाडायचा. दिवसभर कागदात मान घालून बसणाऱ्याला घरी कागद डोळ्यांसमोर नको वाटतो, तसं त्यांचं झालं होतं. म्हणून घरात यंत्रं आली. हाक मारली की लागणारा दिवा आला (बायकोच्या हाकेला तो लागत नसे, ती बटण दाबायची). वजन केल्याबरोबर फोनवर चहाडी करणारा काटा आला. शेवटी दारावर डोळेवाली घंटा आली. ती येणाऱ्याचा चेहरा बघून ओळखीचा असेल तर नाव घेऊन स्वागत करायची आणि नसेल तर इमारतीच्या ग्रुपवर फोटोसकट कळवायची.

एवढ्यावर थांबले असते तर गोष्ट घडलीच नसती. पण ज्ञान पोटात ठेवून पचत नाही अशी काही माणसं असतात. दर रविवारी सकाळी जिन्याच्या मधल्या वळणावर उभे राहून ते ऑनलाइन फसवणुकीवर व्याख्यान द्यायचे. भाजी घेऊन वर येणाऱ्याला पर्याय नसे. “कुठल्याही मेसेजमध्ये ‘होय’ दाबायचं नाही. नावावर जाऊ नका, फोटोवर जाऊ नका. उद्या माझा आवाज काढूनसुद्धा कुणी फोन करील. मीच बोलतोय असं वाटलं, तर सगळ्यात आधी माझाच संशय घ्या!” घरच्या मंडळींसाठी तर त्यांनी परवलीचा शब्द ठरवून दिला होता. फोनवर शंका आली की तो विचारायचा. दर महिन्याच्या एक तारखेला शब्द बदलायचा, कारण सुरक्षितता म्हणजे काय पोरखेळ नव्हे.

आता मूळ मुद्दा. बायको आठ दिवसांसाठी माहेरी निघाली. तिच्या भावाच्या मुलीचा वाढदिवस होता आणि फ्रॉक आत्याने शिवायचा होता. ती उंबऱ्याबाहेर पडण्याआधीच अपडेटरावांनी जाहीर केलं, की ती परत येईल तेव्हा घर कागदमुक्त झालेलं असेल. बिलं, पावत्या, प्रमाणपत्रं, सगळ्यांचे फोटो काढून ‘तिजोरी’त ठेवायचे आणि कागद रद्दीत. तिजोरी म्हणजे फोनमधलं ॲप. लोखंडाची तिजोरी निदान दिसते तरी.

“काय करायचं ते करा,” बायको म्हणाली. “पण आईच्या वहीचे फोटो आधी काढा. पानं सुटायला लागलीयत. आणि झालं की वही कपाटात ठेवा, हां!”

ही वही म्हणजे सासूबाईंची मापांची वही. सासूबाई शिवणकाम करायच्या, आणि चाळीस वर्षांत ज्याच्या ज्याच्या अंगाला त्यांनी फीत लावली, त्या प्रत्येकाचं माप तिच्यात होतं. नुसतं माप नव्हे, तर शेवटी एक शेराही. ‘पोट आत घेऊन माप देते, दीड इंच वाढवणे.’ ‘डावा खांदा खाली, सांगू नये, अस्तरात भरून काढावे.’ सासूबाई गेल्या त्याला सहा वर्षं झाली होती. बायकोही शिवायची आणि अडलं की ती वही उघडून बसायची. कधी कधी काही अडलेलं नसतानाही बसायची.

अपडेटरावांनी रविवारी सकाळी पहिलं काम वहीचंच केलं, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. एका हाताने पान दाबायचं, दुसऱ्या हाताने फोटो काढायचा. एकशे बारा पानं. मग वही टेबलावर डावीकडच्या गठ्ठ्यात गेली. हेडक्लार्कच्या टेबलावर गठ्ठे दोनच असतात, ‘झालेले’ आणि ‘राहिलेले’. ‘ठेवायचे’ असा तिसरा गठ्ठा कचेरीत नसतो, म्हणून तो घरीही केला गेला नाही. संध्याकाळपर्यंत राहिलेले सगळे झालेले झाले, आणि सोमवारी कचेरीला जाताना त्यांनी झालेल्यांचा गठ्ठा सुतळीने बांधून स्वतःच्या हाताने रद्दीवाल्याकडे टाकला. आयुष्यात एवढं हलकं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी नवा फोन आला. नव्या फोनबरोबर नवं आयुष्य सुरू करावं म्हणून त्यांनी एका बैठकीत सतरा पासवर्ड बदलले. अठरावा तिजोरीचा. तिजोरीला हे काही बरं दिसलं नाही. अनोळखी फोन आणि एवढी घाई बघून तिने ठरवलं, की कुणीतरी अपडेटरावांना लुटतोय. पडद्यावर अक्षरं आली: ‘तुमच्या सुरक्षिततेसाठी तिजोरी बंद करण्यात आली आहे. सात दिवसांत ओळख न पटल्यास आतील सर्व मजकूर कायमचा नष्ट होईल.’ अपडेटरावांना आधी अभिमानच वाटला. काय चोख व्यवस्था आहे!

मंगळवारी सकाळी बायकोचा फोन आला. “वही कपाटात ठेवलीत ना?”

“हो, हो,” म्हणत त्यांनी कपाट उघडलं, टेबलाखाली पाहिलं, आणि मग त्यांना सुतळीची गाठ आठवली. चपला उलटसुलट घालून ते रद्दीवाल्याकडे धावले.

“कालची गाडी गेली की साहेब,” रद्दीवाला म्हणाला. “कारखान्यात आता लगदा झाला असेल. महत्त्वाचं होतं का काही?”

सासूबाईंचं म्हणून बायकोकडे दुसरं काही नव्हतं. दागिने भावाच्या बायकोला गेले होते, शिवणयंत्र भावाच्या घरी राहिलं होतं. तिच्या वाट्याला ती एक वही आली होती, आणि तिने ती हट्टाने मागून घेतली होती. आता उरले होते एकशे बारा फोटो, बंद तिजोरीत. आणि दिवस राहिले होते सहा.

तिजोरी उघडायचा एक सोपा मार्ग होता, चेहरा दाखवणं. अपडेटराव फोनसमोर बसले. डावीकडे बघा, उजवीकडे बघा, हसा. त्या परिस्थितीत जमेल तेवढे ते हसले. ‘चेहरा जुळत नाही.’ का जुळेल? नोंदणीच्या वेळी त्यांनी जो फोटो दिला होता, त्यातले केस काळे, गाल भरलेले, चष्मा नाही, आणि सुरकुत्या फोनने आपणहून पुसून दिलेल्या. त्या देखण्या गृहस्थाशी अपडेटरावांचं साम्य एक्केचाळीस टक्के निघालं. चौथ्या वेळी ते छत्तीसवर आलं, कारण मधल्या वेळात ते आणखी खचले होते.

बाजारातल्या चकचकीत मोबाइलच्या दुकानात तिजोरीची पाटी होती, म्हणून ते तिथे गेले. काउंटरवरची मुलगी फार गोड बोलली. “सर, आम्ही फक्त विकतो. उघडून द्यायचं काम आमच्याकडे नाही.”

“मग कुणाकडे आहे?”

“ॲपमध्ये, सर.”

“ॲपच बंद आहे ना!”

“त्याचीही तक्रार ॲपमध्येच करता येते, सर. नाहीतर तुम्ही नवीन खातं उघडा ना. पहिलं वर्ष मोफत आहे.”

कचेरीत आले तर काउंटरवर एक आजोबा उभे. हात थरथरणारे, सही मुंगी शाईत बुडून चालल्यासारखी. हाताला सवय असते. शिक्का उचललाही गेला. “साहेब, मीच आहे हो,” आजोबा म्हणाले, “सही म्हातारी झालीय तेवढी.” अपडेटरावांनी शिक्का खाली ठेवला. आजोबांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, “बसा निवांत. पाच-सहा वेळा करून बघू, एखादी जुळेलच.” तिसरी जुळली. म्हणजे जुळली असं अपडेटरावांनी ठरवलं.

ओळख पटवायचा शेवटचा मार्ग म्हणजे ‘विश्वासू माणसं’. खातं उघडताना आपण तीन नावं दिली होती, हे त्यांना अंधुक आठवत होतं. त्या तिघांच्या फोनवर प्रश्न जाणार, ‘तुम्ही या व्यक्तीला ओळखता का?’ आणि तिघांनीही ‘होय’ दाबलं की तिजोरी उघडणार. पडद्यावर नावं उमटली. पहिले समोरच्या दारचे निवृत्त ऑडिटर. दुसरा मेहुणा. तिसरं नाव अपडेटरावांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तिसरी बायको होती.

बायकोचं शेवटी बघू, असं ठरवून त्यांनी समोरचं दार वाजवलं. ऑडिटरांनी दार चार बोटं उघडलं.

“मेसेज आलाय मला,” ते म्हणाले. “मी ‘नाही’ दाबलं.”

“अहो, का पण?”

“तुम्हीच सांगितलंय, ‘होय’ दाबायचं नाही म्हणून. आणि दुसरं म्हणजे, एकोणीस वर्षं समोरासमोर राहतोय आपण. तुमच्या घंटेने मला अकरा वेळा ‘अनोळखी इसम’ म्हणून ग्रुपवर टाकलं. बनियनमधला फोटो टाकला! मी तुमचा अनोळखी, तर तुम्ही माझे ओळखीचे कसे? हिशेब जुळत नाही.”

बोलणं खोटं नव्हतं. अपडेटरावांनी माफी मागितली. ऑडिटरांनी ती लेखी मागितली. लेखी दिली, तर तारीख नाही म्हणून परत केली. मग राहत्या घराचा पुरावा मागितला. “मी तुमच्या समोरच्या दारातून आलोय हो आत्ता!” म्हटल्यावर ते शांतपणे म्हणाले, “ते मी पाहिलं. पुरावा म्हणजे कागद.” आणि घरातला शेवटचा कागद सोमवारी लगद्यात गेला होता.

शेवटी तोड निघाली. घंटेने ऑडिटरांना ओळखलं पाहिजे. बुधवारची संध्याकाळ दोघांनी घंटेपुढे घालवली. ऑडिटर डावीकडे वळले, उजवीकडे वळले, चष्मा लावून, चष्मा काढून, आणि एकदा स्वतःच्या आग्रहाने बनियनवर. जिन्याने जाणारी मंडळी थांबून सल्ले देत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई म्हणाल्या, “काकांना हसायला सांगा, ओळखीची माणसं हसतात.” काका हसले. ते हसलेले इमारतीने प्रथमच पाहिले. आणि घंटा बोलली, “या ऑडिटरकाका, स्वागत आहे!”

ऑडिटर घरात गेले, परत बाहेर आले. “या ऑडिटरकाका, स्वागत आहे!” असं चार वेळा केल्यावर त्यांनी फोन काढून ‘होय’ दाबलं आणि जाता जाता म्हणाले, “आमच्या घरी कुणी म्हणत नाही हो एवढं.”

एक झालं. मेहुण्याला फोन लावला.

“भावोजींच्या नावाने मेसेज टाकता, आता आवाजही काढला?” मेहुणा कडाडला. “पण हुबेहूब जमलाय हं. तो मध्येच खाकरायचा भागसुद्धा!”

“अरे, मीच आहे!”

“मग परवलीचा शब्द सांगा.”

शब्द एक तारखेला बदलला होता. दर महिन्याला बदलणारी गोष्ट माणूस लक्षात ठेवत नाही, लिहून ठेवतो. आणि लिहून ठेवली होती तिजोरीत. “मागच्या महिन्यातला चालेल का? कात्री?”

“भावोजींनी बजावलंय, जुना शब्द सांगणारा चोर सगळ्यात धोकादायक,” मेहुणा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. पाचच मिनिटांत नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याचा इशारा झळकला, ‘भावोजींचा नंबर चोरांच्या हाती. कुणीही उचलू नये. ताईच्या फोनवरही मी बंद केला आहे.’ खाली एकवीस जणांनी आभार मानले होते. एका दूरच्या मावशींनी लिहिलं होतं, ‘चांगला माणूस होता.’

आपली शिकवण एवढी मुरली हे पाहून दुसऱ्या एखाद्या शिक्षकाला भरून आलं असतं. अपडेटरावांना रडू आलं. दोन दिवस त्यांनी सहकाऱ्यांचे फोन मागून पाहिले, पण आवाज ऐकताच मेहुणा “अजून एक नंबर!” म्हणायचा आणि तोही बंद करायचा. शेवटी शनिवारी कचेरीत रजा टाकून ते पाच तासांच्या बसमध्ये बसले. वाटेत त्यांनी बायकोला सांगायची वाक्यं जुळवली. ‘एक छोटीशी तांत्रिक अडचण’ अशी सुरुवात करावी असं ठरलं. नंतर पुढे काही सुचलं नाही, म्हणून पुन्हा सुरुवातीपासून जुळवायला घेतलं.

मेहुण्याने दार उघडलं आणि तो त्यांच्याकडे बघतच राहिला. पुढे होऊन त्याने त्यांचा दंड चिमटीत धरून पाहिला.

“भावोजी! म्हणजे ते चोर नव्हतेच?”

“नव्हते.”

“तरी मी हिला म्हणत होतो, भावोजींचं सोंग घेऊन कुणाला काय मिळणार आहे?” मेहुणा मनापासून म्हणाला आणि लगेच ‘होय’ दाबलं. इतका बोचणारा दिलासा अपडेटरावांना आजवर कुणी दिला नव्हता. पण दोन झाले, म्हणून तेही त्यांनी गिळलं.

आतल्या खोलीत बायको आईच्या शिवणयंत्रापुढे बसली होती. मांडीवर पिवळा फ्रॉक होता. यांना पाहून ती आधी घाबरली, मग हसली. “अहो, उद्या येतच होते की मी! आणि वही आणलीत का? लहान मुलांच्या बाहीचं आईचं गणित आठवत नाहीये मला.”

‘छोटीशी तांत्रिक अडचण’ तोंडातून फुटेना. “अगं, वही गेली,” ते म्हणाले. “मी रद्दीत दिली. चुकून. लगदा झाला तिचा.”

यंत्राचं चाक थांबलं. रागावली असती तर बरं झालं असतं, त्याची त्यांना सवय होती. बराच वेळ ती फ्रॉकची शिवण बोटाने सपाट करत राहिली. मग म्हणाली, “वास होता हो तिला. खडूचा आणि यंत्राच्या तेलाचा. उघडली की आई खोलीत आल्यासारखं वाटायचं.”

अपडेटराव जमिनीवर बसले. त्यांनी तिला सगळं सांगितलं, डावीकडचा गठ्ठा, सुतळी, अठरावा पासवर्ड, छत्तीस टक्के चेहरा, सगळं. “फोटो आहेत. पण तू ‘होय’ म्हटल्याशिवाय मिळायचे नाहीत. आणि तू ‘नाही’ म्हणालीस तरी मी काही म्हणणार नाही.”

तिने फोन घेतला. भावाने बंद केलेलं उघडून मेसेज शोधला आणि मोठ्याने वाचला, “तुम्ही या व्यक्तीला ओळखता का?” त्यांच्याकडे बघितलं. चपला आजही उलटसुलटच होत्या, आणि दाराबाहेर काढायच्याही राहून गेल्या होत्या. डोळ्यांत पाणी होतं तरी तिच्या ओठांचा कोपरा हलला. “ओळखते म्हणायचं,” ती म्हणाली आणि तिने ‘होय’ दाबलं.

तिजोरी उघडली. एकशे बारा फोटो जसेच्या तसे आले, सासूबाईंचं तिरकं निळं अक्षर आलं, आणि प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यावर आला अपडेटरावांचा अंगठा. पान दाबून धरणारा, गलेलठ्ठ, नखासकट. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, नेमका तिथे, जिथे सासूबाई शेरा लिहीत.

अपडेटरावांनी डोळे मिटून घेतले. आता मात्र आपली धडगत नाही, असं त्यांना वाटलं.

“अहो, बघताय काय?” बायको म्हणाली. “भाचीच्या दप्तरातून एक कोरी वही आणा. आणि पेन. फोन नको, पेन!”

ते लिहायला बसले. ती पडद्यावरची मापं वाचायची आणि अंगठ्यापाशी आली की पडद्यावरून नजर उचलून पाठ म्हणायची. ‘पोट आत घेऊन माप देते.’ ‘दर वर्षी हीच बाई सैल म्हणते, हिलाच घट्ट हवे असते.’ एकही शेरा तिने चुकवला नाही. मधूनच तिला हसू यायचं, मधूनच ती पदराने पडदा पुसायला थांबायची आणि तेही पेन वर धरून थांबायचे. बाहीचं गणित चौदाव्या पानावर सापडलं. मेहुण्याने दोनदा चहा आणून ठेवला आणि काही न विचारता गेला.

एक्काहत्तरावं पान आलं. अपडेटरावांनी ते ओळखलं. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी शर्टासाठी त्यांचं माप घेतलं होतं. गळा साडेचौदा, बाही तेवीस, छाती छत्तीस. खाली दोन ओळींचा शेरा, आणि त्यावर अंगठा. त्या शेऱ्यात काय होतं, हे विचारायचा त्यांना इतक्या वर्षांत धीर झाला नव्हता, आणि फोटो काढताना घाईत वाचायचं राहून गेलं होतं.

“इथे काय होतं गं?” त्यांनी वहीतून मान वर न करता विचारलं.

बायकोने बघायची गरज नव्हतीच. “लिहा,” ती म्हणाली. “‘मुलगा छाती फुगवून माप देतो. दोन इंच कमी धरणे. माणूस चांगला आहे.’”

अपडेटरावांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. हात जरा थरथरला, त्यामुळे अक्षर त्यांच्या नेहमीच्या अक्षराशी जुळलं नाही.